आर. ए. फॅक्टर पॉझिटिव्ह, पण संधिवात नाही

परभणीतल्या कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबसमोर सकाळी रांग असते. तिच्यात ‘वाताची तपासणी’ करायला आलेल्या बायका हमखास दिसतात. कुणी जिंतूरहून पहिली एसटी धरून आलेली असते, कुणी पालमहून, कुणी सोनपेठहून. गुडघे, मनगटं, बोटांची पेरं दुखत असतात. संध्याकाळी रिपोर्टवर ‘आर. ए. फॅक्टर पॉझिटिव्ह’ असं उमटतं आणि संधिवाताच्या गोळ्या सुरू होतात. बऱ्याच जणींच्या बाबतीत हे बरोबरच असतं. पण थोड्या जणींची कहाणी जुळत नाही. सांधे सुजतात कमी आणि दुखतात जास्त. घोट्यांजवळ, पिंडऱ्यांवर जांभळे ठिपके येतात, आठवड्याभरात तपकिरी डाग ठेवून विरतात आणि पुन्हा उगवतात. तळपायांना मुंग्या येतात, आणि थकवा तर पाठ सोडत नाही.

ठिपके, सांधेदुखी आणि अशक्तपणा हे त्रिकूट १९६६ मध्ये वैद्यकीय साहित्यात नीट नोंदवलं गेलं. त्यामागे रक्तातली काही विचित्र प्रथिनं आहेत, हेही तेव्हा कळलं होतं. ती प्रथिनं कशामुळे तयार होतात, हे मात्र पुढची तेवीस-चोवीस वर्षं कुणाला सांगता येत नव्हतं. उत्तर निघालं ते यकृताच्या विषाणूत. अशा रुग्णांतल्या बहुसंख्यांना हिपॅटायटिस सी असतो.

आपल्याकडे कावीळ म्हटलं की डोळे पिवळे, लघवी पिवळी, मग गळ्यात काविळीची माळ, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन ‘उतरवलेली’ कावीळ, नाही तर नाकात देवडांगरीचे थेंब. पावसाळ्यात दूषित पाण्यातून येणारी ए आणि ई या जातींची कावीळ बहुतेकांत आपली आपण ओसरते, म्हणून माळेला यश मिळतं. (देवडांगरीचं मात्र हसण्यावारी नेऊ नये. त्या थेंबांनी नाकाच्या आतल्या त्वचेची आग होते आणि वाहणाऱ्या पिवळ्या पाण्याला लोक कावीळ समजतात.) सी या सगळ्या रिवाजांच्या बाहेरचा आहे. तो पाण्यातून येत नाही, रक्तातून येतो, आणि आला तरी बहुतेकांचे डोळे पिवळे होतच नाहीत. लागण झालेल्यांपैकी साधारण चौघांतल्या एकाचं शरीर पहिल्या सहा महिन्यांत त्याला हाकलून देतं. उरलेल्यांत तो वर्षानुवर्षं मुक्काम करतो. वीस वर्षांच्या मुक्कामात त्यांच्यातल्या १५ ते ३० टक्के लोकांचं यकृत आक्रसून खडबडीत होतं, म्हणजे सिरॉसिस होतो. बाकीच्यांना आपल्या अंगात काही आहे याचा पत्ताही नसतो.

१९७५ च्या सुमारास अमेरिकेत हार्वे ऑल्टर यांना दिसलं, की रक्त चढवल्यानंतर होणारी कावीळ ना ए ची आहे ना बी ची. चौदा वर्षं या रोगाला ‘ए नव्हे, बी नव्हे’ एवढंच नाव होतं. १९८९ मध्ये मायकल हॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणू कधीही डोळ्यांनी न पाहता त्याच्या जनुकाचा तुकडा शोधून काढला. चार्ल्स राइस यांनी १९९७ मध्ये दाखवलं, की या विषाणूचा प्रयोगशाळेत जुळवलेला आरएनए एकटाच रोग निर्माण करू शकतो. तिघांना २०२० चं नोबेल मिळालं.

आता हा विषाणू आणि आपल्या पांढऱ्या पेशी यांचं नातं. इथंच सगळी मेख आहे.

विषाणूच्या आवरणावर ई-२ नावाचं प्रथिन असतं. ते यकृतपेशीवरच्या सीडी-८१ या प्रथिनाला चिकटतं, हे १९९८ मध्ये कळलं. पण सीडी-८१ केवळ यकृताची मालमत्ता नाही. प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार करणाऱ्या बी-पेशींवरही ते भरपूर असतं, आणि तिथं त्याला कामही महत्त्वाचं आहे. बी-पेशीनं कधी जागं व्हायचं हे ठरवणाऱ्या गटात ते बसतं. विषाणू त्याला सतत चिकटत राहिला तर पेशी किरकोळ कारणानंही जागी होते. त्यातच रक्तात विषाणूचा महापूर असतो. १९९८ च्याच एका गणितानुसार लागण झालेल्या माणसाच्या शरीरात रोज सुमारे एक लाख कोटी विषाणू जन्मतात आणि प्रत्येकाचं अर्धआयुष्य तीन तासांच्या आसपास असतं. दहा-वीस वर्षं रोज एवढा मारा झाल्यावर काही बी-पेशी अतोनात वाढतात. त्यांच्यातल्या एका घराण्याचा उद्योग तिरपागडा असतो. त्या पेशी आयजीएम जातीची प्रतिपिंडं तयार करतात, आणि ती प्रतिपिंडं विषाणूवर न बसता आपल्याच दुसऱ्या प्रतिपिंडांवर जाऊन बसतात.

प्रतिपिंडावर बसणाऱ्या अशा प्रतिपिंडालाच लॅबमध्ये आर. ए. फॅक्टर म्हणतात. रांगेतल्या त्या थोड्या जणींचा रिपोर्ट खोटा नव्हता. त्याचा अर्थ चुकीचा लावला गेला.

विषाणू, साधी प्रतिपिंडं आणि ही उलटी प्रतिपिंडं यांचे गुंतावळे रक्तात फिरतात. त्यांना थंडीचं वावडं असतं. ३७ अंशांना ते विरघळलेले राहतात, तापमान उतरलं की साका धरतात. म्हणून त्यांना क्रायोग्लोब्युलिन म्हणतात. सी असलेल्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या रक्तात ती सापडतात. त्रास मात्र त्यातल्या थोड्यांनाच होतो. गुंतावळे बारीक रक्तवाहिन्यांत अडकले, की त्वचेवर ठिपके, नसांना इजा आणि कधी मूत्रपिंडाला सूज येते. मूत्रपिंडाचं दुखणं सगळ्यांत वाईट, कारण ते लघवीतल्या प्रथिनांशिवाय बराच काळ काहीच सांगत नाही.

परभणी तशी थंडीसाठीही बातमीत असते. २०१८ च्या डिसेंबरअखेर कृषी विद्यापीठाच्या हवामान केंद्रावर पारा दोन अंशांपर्यंत घसरला होता. अशा पहाटे ज्यांच्या बोटांची टोकं पांढरी-निळी पडतात त्या सगळ्यांना क्रायोग्लोब्युलिन असतात असं नाही, पण ज्यांना ती असतात त्यांच्यातल्या काहींचा त्रास थंडीत वाढतो. काहींचे ठिपके दिवसभर उभं राहिल्यावर वाढतात, मग भर उन्हाळ्यात का असेना.

या तपासणीतली एक व्यावहारिक अडचण तालुक्याच्या गावात फार महाग पडते. क्रायोग्लोब्युलिन शोधायची तर रक्त काढल्यापासून ते गोठून सीरम वेगळं होईपर्यंत नमुना शरीराइतका कोमट ठेवावा लागतो. मगच सीरम फ्रीजमध्ये ठेवून साका धरतो का ते पाहायचं, आणि तेही काही दिवस थांबून. आपल्याकडे मोठ्या तपासण्यांचे नमुने बर्फाच्या डब्यात घालून पुण्या-मुंबईला रवाना होतात. वाटेत प्रथिनं थंडीनं खाली बसतात, गोठलेल्या रक्ताबरोबर टाकली जातात आणि तिकडून रिपोर्ट येतो ‘आढळलं नाही’. महागडी तपासणी होते आणि रोग निसटतो. त्याऐवजी सी च्या प्रतिपिंडांची साधी कार्ड टेस्ट पंधरा-वीस मिनिटांत होते आणि तिला बर्फ लागत नाही. ठिपके आणि आर. ए. फॅक्टर एकत्र दिसले की आधी ती करावी, असं माझं सरळ मत आहे.

बी-पेशींचं हे वाढणं कधी कधी हाताबाहेर जातं आणि लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर होतो. २००२ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी प्लीहेच्या एका विशिष्ट लिम्फोमाचे नऊ रुग्ण प्रसिद्ध केले. नऊही जणांना हिपॅटायटिस सी होता. त्यांना कॅन्सरचं औषध न देता विषाणूविरोधी इंटरफेरॉन दिलं. विषाणू गेल्यावर सात जणांचा लिम्फोमा पूर्ण ओसरला. त्याच लिम्फोमाच्या, पण सी नसलेल्या सहा रुग्णांना तेच औषध दिलं, तेव्हा एकालाही गुण आला नाही. आणखी एक तपशील मला सगळ्यांत बोलका वाटतो. बऱ्या झालेल्यांतल्या एकाच्या रक्तात विषाणू पुन्हा दिसू लागला, आणि त्याचा लिम्फोमाही परतला.

विषाणू बी-पेशींना बाहेरून डिवचतो हे सर्वमान्य आहे. तो त्यांच्या आत शिरून तिथं वाढतोही का, यावर मात्र तीस वर्षं वाद चालू आहे. १९९२ पासून रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये विषाणूचा आरएनए सापडल्याच्या नोंदी आहेत. विषाणू वाढताना त्याच्या आरएनएची उलटी प्रत तयार होते. काही प्रयोगशाळांना तीही मिळाली. त्याच माणसाच्या यकृतातला विषाणू आणि पांढऱ्या पेशींतला विषाणू यांच्यात छोटे फरकही दिसले, म्हणजे दोन्हीकडे वेगळी वंशावळ चालू असावी. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमधून २००४ मध्ये अहवाल आला, की उपचारांनी बऱ्या ठरलेल्या लोकांच्या पांढऱ्या पेशींतही आरएनएचा अंश उरतो. दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. या विषाणूला वाढायला एमआयआर-१२२ नावाचा सूक्ष्म आरएनए लागतो. तो यकृतपेशीत मुबलक असतो आणि बी-पेशीत जवळजवळ नसतो. प्रयोगशाळेत वाढवलेला विषाणू बी-पेशींत घालायला गेलं तर सहसा रुजत नाही. पेशीला नुसता चिकटलेला विषाणूही तपासणीत ‘आत’ असल्यासारखा दिसू शकतो. माझ्या मते थोडीफार वाढ काही रुग्णांत होत असावी, पण तो विषाणूचा मुख्य संसार नव्हे.

वादाचा निकाल लागो न लागो, पेशंटला एकच प्रश्न पडतो: पांढऱ्या पेशींत लपून बसला तर औषधानं जाईल का? इथं ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ या आपल्या जुन्या मिरवणीतल्या पहिल्या निम्म्याची गरज पडते. जर्मनीचं सी शी जुनं दुखरं नातं आहे. १९७८-७९ मध्ये पूर्व जर्मनीत बाळंतिणींना दिलेल्या अँटी-डी इंजेक्शनच्या दूषित साठ्यांतून दोन हजारांहून अधिक बायकांना या विषाणूची लागण झाली होती. पुढे वीस वर्षांनी माइन्झ शहरात राल्फ बार्टेनश्लागर आणि फोल्कर लोमान यांनी विषाणूचा अर्धामुर्धा आरएनए पेशींमध्ये स्वतःच्या प्रती काढत राहील अशी व्यवस्था बसवली. १९९९ ची ही गोष्ट. तोपर्यंत औषध चाचपायचं तर माणूस किंवा चिंपांझी एवढेच पर्याय होते. आता काचेच्या ताटलीत हजारो रसायनं तपासता येऊ लागली.

त्याआधीचा उपचार इंटरफेरॉनचा, म्हणजे शरीराच्या धोक्याच्या घंटेचा होता. पेशीत विषाणू शिरला की आतली काही प्रथिनं ते ओळखून घंटा वाजवतात. सी चा कावेबाजपणा असा, की स्वतःची प्रथिनं कापायला तो जी कात्री वापरतो, त्याच कात्रीनं तो घंटेची दोरीही कापतो. म्हणून बाहेरून इंजेक्शननं इंटरफेरॉन द्यायचं, घंटा कृत्रिम वाजवायची. आठवड्याला एक सुई, सोबत रिबाव्हिरिनच्या गोळ्या, २४ किंवा ४८ आठवडे. ताप, अंगदुखी, केस गळणं, खचलेलं मन. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स इतक्या घसरत, की अनेकांना उपचार अर्ध्यावर सोडावे लागत. विषाणूच्या जनुकप्रकारांपैकी प्रकार १ असलेल्या जेमतेम निम्म्या लोकांना गुण येई. भारतात जास्त आढळणाऱ्या प्रकार ३ मध्ये निकाल बरे असत, पण सिरॉसिस झालेल्याला हे औषध झेपतच नसे.

नवी औषधं प्रतिकारशक्तीला मध्ये घेतच नाहीत. विषाणूच्या आरएनएची नक्कल करणाऱ्या यंत्राला सोफोस्बुव्हिर बनावट सुटा भाग पुरवतं. तो भाग बसला की साखळी तिथंच तुटते. डॅक्लॅटास्व्हिर आणि व्हेल्पाटास्व्हिर ही विषाणूच्या दुसऱ्या एका प्रथिनाला निकामी करतात. रोज गोळी, १२ आठवडे. शंभरातले ९५ च्या आसपास बरे होतात. सिरॉसिस झालेल्या प्रकार ३ च्या रुग्णांत थोडे कमी. सोफोस्बुव्हिरची रचना तर मुद्दाम अशी केली आहे, की ते यकृतपेशीत शिरूनच खऱ्या अर्थानं कामाला लागतं. मग पांढऱ्या पेशींत विषाणूची छुपी वसाहत असती, तर गोळ्या संपल्यावर तो मोठ्या संख्येनं उलटायला हवा होता. तसं होत नाही. गोळ्या संपून १२ आठवड्यांनी रक्तात विषाणू नसला, तर तो ९९ टक्क्यांहून अधिक लोकांत परत येत नाही. एचआयव्ही आपल्या गुणसूत्रांत घुसून बसतो आणि हिपॅटायटिस बी पेशीच्या केंद्रकात आपला साठा ठेवतो. सी ला तसं काही जमत नाही. त्याचा सगळा कारभार केंद्रकाबाहेर, नक्कल थांबली की वंश बुडाला.

बी-पेशी मात्र तितक्या लवकर विसरत नाहीत. विषाणू गेल्यावर बहुतेकांचे ठिपके जातात, सांधे मोकळे होतात. नसांच्या मुंग्या हळू आणि अर्धवट कमी होतात, मूत्रपिंड सावरायला आणखी वेळ घेतं. आणि काहींच्या रक्तात विषाणूचा मागमूस नसतानाही क्रायोग्लोब्युलिन वर्षभर, दोन वर्षं सापडत राहतात, कारण वाढलेलं पेशींचं घराणं आता स्वतःच्या बळावर चालू असतं. अशांना वेगळ्या औषधांची गरज पडू शकते.

संसर्ग झालेल्या पेशी मारणाऱ्या टी-पेशींची गत आणखी निराळी आहे. वर्षानुवर्षं एकाच शत्रूशी झुंजून त्या थकतात. त्यांच्या पृष्ठभागावर पीडी-१ नावाचा ब्रेक कायमचा दाबला जातो. विषाणू गेला की त्या ताज्यातवान्या होतील अशी सगळ्यांची अपेक्षा होती. २०२१ मध्ये ‘नेचर इम्युनॉलॉजी’ या नियतकालिकात आलेल्या शोधनिबंधांनी ती बरीचशी फोल ठरवली. वरवर पेशी सुधारतात, पण डीएनएच्या बांधणीत थकव्याच्या खुणा जशाच्या तशा राहतात. म्हणजे गोळ्यांनी बरा झालेला माणूस या विषाणूपुरता निर्धास्त होत नाही. लस अजून नाही. दूषित सुई पुन्हा टोचली तर लागण पुन्हा होऊ शकते.

आणि सुईचं आपल्याकडे कौतुक फार. गोळी दिली तर डॉक्टरानं काही केलंच नाही असं वाटणारे लोक गावोगाव आहेत. ‘सुई मारली, सलाईन लावली’ म्हणजे पैसे फिटले. सिरिंज पाकीट फोडून समोर काढली का, हे विचारायला मात्र जीभ उचलत नाही. उरुसात, जत्रेत बसणारे गोंदणवाले एकाच सुईनं आणि एकाच शाईच्या बुटकुलीतून दहा हातांवर नावं काढतात. न्हाव्याचं ब्लेड बहुतेक ठिकाणी आता बदललं जातं, वस्तरा मात्र काही ठिकाणी अजून टिकून आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या संशोधकांना नव्वदच्या दशकात सी चं प्रमाण नगण्य आढळलं होतं, तेव्हा घाबरून जाण्यासारखं काही नाही. पण ज्यांना वारंवार रक्त चढतं किंवा डायलिसिस होतं त्यांची गोष्ट वेगळी आहे. २०२२ मध्ये नागपुरात थॅलेसिमियाच्या काही मुलांना चढवलेल्या रक्तातून संसर्ग झाल्याचं प्रकरण गाजलं, त्यात एचआयव्हीबरोबर हिपॅटायटिस सी चाही उल्लेख होता. अशा मुलांना नव्या गोळ्या चालतात हे दाखवणारं काम महाराष्ट्रातच झालं आहे. मुंबईच्या यकृततज्ज्ञ डॉ. आभा नगराळ आणि सहकाऱ्यांनी थॅलेसिमियाग्रस्त किशोरांवरच्या उपचारांचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध केले.

पैशाचं कारण आता पुढे करता येत नाही. २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेत सोफोस्बुव्हिर आलं तेव्हा १२ आठवड्यांची किंमत ८४ हजार डॉलर होती, तेव्हाच्या भावानं पन्नास लाख रुपये. २०१५ च्या मार्चमध्ये हैदराबादच्या नॅटको कंपनीनं २८ गोळ्यांची बाटली १९,९०० रुपयांना काढली. पाठोपाठ इतर भारतीय कंपन्या उतरल्या आणि भाव आणखी कोसळला. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यापासून तपासणी आणि गोळ्या सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी. गोळ्या सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बी ची तपासणी मात्र टाळू देऊ नये. दोन्ही विषाणू असतील तर सी गेल्यावर दबलेला बी उसळू शकतो, आणि ते जिवावर बेतल्याची उदाहरणं आहेत.

बऱ्या झालेल्यांना एक त्रास पुढं आयुष्यभर पुरतो. सी ची कार्ड टेस्ट विषाणू शोधत नाही, प्रतिपिंडं शोधते, आणि ती विषाणू गेल्यावरही रक्तात राहतात. दहा वर्षांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी तपासणी झाली तरी कार्डावर दोन रेघा येणारच. मग ऑपरेशन पुढं ढकललं जातं, यादीत शेवटचा नंबर लागतो, किंवा ‘नांदेडला दाखवा’ म्हणून वाटेला लावलं जातं. अशा वेळी एचसीव्ही आरएनए, म्हणजे ‘व्हायरल लोड’ची तपासणी निगेटिव्ह असल्याचा गोळ्या संपल्यानंतरच्या १२ व्या आठवड्याचा रिपोर्ट दाखवावा लागतो. तो फाइलमध्ये सगळ्यांत वर लावावा, त्याच्या दोन झेरॉक्स काढाव्यात, आणि मोबाइलमध्ये फोटो काढून मुलाला किंवा सुनेलाही पाठवून ठेवावा.